साठ डिग्री कमी

कारखान्यात त्याला सगळे डिग्री म्हणत. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाला हे नाव कुणी चिकटवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण चिकटलं ते कायमचं. कारखाना बाटल्यांचा. काच वितळवणारी एकच भट्टी, दोन खोल्यांएवढी, आणि तिच्या भिंतीत मुठीएवढं एक भोक. डिग्री निळी काच डोळ्याला लावून त्या भोकातून आत बघायचा, मान जरा तिरकी करायचा आणि म्हणायचा, "चौदाशे सत्तर." मग साहेब मीटरकडे बघत. मीटरही चौदाशे सत्तरच दाखवायचा. कधी चौदाशे साठ दाखवलेच, तर साहेब मीटर दुरुस्तीला पाठवत. यातली थोडी थाप सोडून दिली तरी बाकीचं खरं आहे.

भट्टी म्हणजे काही घरातली चूल नव्हे, जेवणं झाली की विझवली आणि सकाळी पुन्हा पेटवली. एकदा पेटली की ती नऊ-दहा वर्षं अखंड जळते. मधेच विझली तर आतली काच गोठते, गोठताना विटांना धरून ओढते, विटा तडकतात, आणि मग त्या भट्टीकडे भंगारवालासुद्धा ढुंकून बघत नाही. ही भट्टी सात वर्षांपूर्वी डिग्रीने स्वतःच्या हाताने पेटवली होती आणि तळहाताच्या फोडासारखी जपली होती. अंगात ताप असला तरी तो एकदा जाऊन भोकातून बघून यायचा. बायको तिला सवत म्हणायची. "जा, वाट बघत असेल तुमची," म्हणून ती डबा हातात द्यायची, आणि पन्नाशी उलटलेला हा माणूस खरोखर लाजायचा.

संप झाला तो दहा मिनिटांवरून. मशिनपुढे उभं राहणाऱ्या माणसाला दर तासाला दहा मिनिटं बाहेर वाऱ्यावर बसायची मुभा होती. थोरले मालक गेले, मुलाच्या हाती कारभार आला आणि त्याने दहाची पाच केली. पहिल्याच आठवड्यात दोन माणसं मशिनसमोर चक्कर येऊन पडली. दुसरा शुद्धीवर यायच्या आत सगळे कामगार गेटाबाहेर येऊन बसले होते.

पण आग संपाबाहेर, हा युनियनचा जुना नियम. भट्टी विझली तर संप जिंकूनही परत जायचं कुठे? म्हणून आग सांभाळणाऱ्याला आत जायची परवानगी असे. सकाळी गेटवर त्याच्या डाव्या बाहीला युनियन पांढरी पट्टी बांधायची आणि संध्याकाळी बाहेर आल्यावर सोडायची. पट्टी आहे तो आपला. पट्टीशिवाय आत गेला तो संपफोड्या. त्याला मारायचं नाही, शिवी द्यायची नाही. तो जवळ आला की सगळ्यांनी त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं, एवढंच.

ही पट्टी डिग्रीला रोज बांधायचा त्याचा धाकटा भाऊ. धाकटा युनियनचा सेक्रेटरी होता. बाप गेला तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. डिग्रीनेच त्याला वाढवला, शिकवला आणि कारखान्यात फिटर म्हणून चिकटवला. आता तो भाषणं करायचा, आणि डिग्री मागच्या ओळीत उभा राहून मनातल्या मनात फुगायचा. "दादा, हात वर कर," असं म्हणत धाकटा गाठ मारायचा, आणि रांगेतून कुणीतरी ओरडायचं, "सेक्रेटरी, घट्ट बांधा, सवतीकडे चाललेत!" मग सगळे हसायचे.

पाचव्या आठवड्यात हसणं कमी झालं. भट्टीत खुपसलेली मीटरची सळई जळाली. नवी घेऊन आलेल्या ट्रकवाल्याने गेटवरची माणसं पाहिली आणि गाडी तिथूनच फिरवली. आता भट्टी निव्वळ डिग्रीच्या डोळ्यावर होती. रात्रपाळीला आग सांभाळणारा दुसरा माणूस आजारपणाचं निमित्त काढून गावाला निघून गेला. आतले साहेब पाळीपाळीने बर्नरपाशी बसायचे आणि डिग्री सकाळी येईपर्यंत जीव मुठीत धरून असायचे. गेटवरची माणसं मात्र आता रस्त्याकडे बघेनाशी झाली होती. सगळ्यांच्या नजरा कारखान्याच्या धुराड्यावर असायच्या.

अडतिसाव्या दिवशी संध्याकाळी धाकटा घरी आला. वहिनीने दिलेलं पाणी त्याने हातातच धरून ठेवलं.

"दादा, आज सभेत ठरलं. उद्यापासून पट्टी बंद."

"बंद म्हणजे?"

"आग सोडायची. भट्टी गरम आहे तोवर मालकाला कसली घाई? ती मरायला लागली की धावत येईल बोलणी करायला."

डिग्री उठून उभा राहिला. "अरे, त्या साहेबांना जमणार नाही. तीन दिवस. चौथ्या दिवशी तिचे कोपरे गोठतील. मग मालक आला काय न् ब्रह्मदेव आला काय."

"तो तिसऱ्या दिवसाच्या आत येईल."

"आणि नाही आला तर?"

धाकट्याने पाणी प्यायलं आणि भांडं खाली ठेवलं. "वहिनी, तुम्ही समजवा याला. उद्या हा आला तर मला याच्याकडे पाठ करावी लागेल. मी सेक्रेटरी आहे."

"भावजी, यांनी कधी माझं ऐकलंय?" बायको म्हणाली. ती हसत म्हणाली, पण त्यात हसण्यासारखं काही नाही हे तिघांनाही कळत होतं.

सकाळी डिग्री निघाला. त्याने कुणाची बाजू घेतली नव्हती, निदान त्याला तसंच वाटत होतं. दोनशे घरांची भाकरी ज्या भट्टीत आहे ती विझू द्यायची नाही, एवढाच त्याचा हिशेब. आज शिव्या घालतील, पण संप मिटल्यावर गरम भट्टी बघितली की समजतील, असं तो रस्ताभर स्वतःलाच समजावत होता.

गेटवर नेहमीची गडबड नव्हती. त्याला येताना पाहून बोलणारे गप्प झाले. बाटल्या निवडणारी म्हातारी मावशी सगळ्यांत पुढे बसायची. ती गुडघ्यावर हात टेकत उठली, त्याच्याकडे एकदा नीट बघितलं आणि वळली. तिच्या मागोमाग एकेक जण वळत गेला. धक्का नाही, शब्द नाही. डिग्रीला समोर फक्त पाठी दिसत होत्या, ओळखीच्या सगळ्या. कुठला सदरा कुणाचा हे त्याला तोंडपाठ होतं. त्या पाठींमधून वाट आपोआप मोकळी होत गेली, आणि ही मोकळी वाटच त्याला सगळ्यांत भीतीदायक वाटली. गेटाच्या तोंडाशी धाकटा उभा होता.

"दादा, आज पट्टी नाही."

"माहीत आहे."

"मग घरी जा."

डिग्रीने डबा या हातातून त्या हातात घेतला. धाकट्याने क्षणभर वाट पाहिली आणि तोही वळला. लहानपणी खांद्यावर बसवून फिरवलेला तो पोरगा. त्याची पाठ इतकी रुंद झाली आहे हे डिग्रीच्या आज लक्षात आलं.

आत इंजिनिअरसाहेब त्याची वाटच बघत होता. हेड ऑफिसातून आलेला तिशीचा माणूस, सदा घाईत. "मला माहीत होतं काका, तुम्ही येणार! मी मालकांना तसं सांगितलंच होतं." डिग्रीला हे कौतुक कानफटात बसल्यासारखं लागलं. तो थेट भोकापाशी गेला. चौदाशे. जिवंत राहण्यापुरती ऊब.

"थोडी वाढवूया," इंजिनिअर म्हणाला. "परवा सकाळपर्यंत चौदाशे ऐंशी करा."

"कशाला? नुसती सांभाळायची तर चौदाशे पुरे."

"कोपरे गार पडतायत असं वाटतंय. भट्टीच्याच भल्यासाठी, काका."

कोपरे गार पडत नव्हते. डिग्री मशिनच्या बाजूने फिरून आला. मशिनवरची ताडपत्री काढलेली होती. साच्यांना ताजं तेल लावलं होतं, त्याचा वास अजून ओला होता. भिंतीपाशी बुटांचे सात नवे जोड ओळीने मांडले होते. चौदाशेवर काच जिवंत राहते. बाटली व्हायला चौदाशे सत्तर-ऐंशी लागतात. डिग्री त्या बुटांकडे बघत उभा राहिला आणि त्याला एकदम सगळं कळलं. मालकाला बाहेरची माणसं कुठूनही मिळत होती. मिळत नव्हता तो काच तयार आहे की नाही हे सांगणारा डोळा. तो डोळा आज सकाळी स्वतःच्या पायांनी, दोनशे पाठी ओलांडून, चालत आत आला होता.

त्या दिवशी त्याने डबा उघडला नाही. बाहेर निघून जावं, तर हा घाईखोर इंजिनिअर स्वतःच बर्नर फिरवणार आणि दोन दिवसांत भट्टीचं छत खाली आणणार. थांबून सांगेल ते करावं, तर संप मोडणार, आणि मोडणारा हात आपला. दुपारभर तो बर्नरपाशी बसून होता. संध्याकाळच्या सुमाराला त्याला तिसरी वाट दिसली, आणि ती दिसल्यावर तो, खरं सांगायचं तर, खूश झाला.

भट्टी मरू द्यायची नाही. आणि बाटलीही होऊ द्यायची नाही. बर्नर जेमतेम वाढवायचा आणि नुसतं खोटं सांगायचं.

तीस वर्षांत त्याने आकडा कधी खोटा सांगितला नव्हता. त्याच भांडवलावर तो आता एकच आकडा खोटा सांगणार होता. मीटर नाही, विचारायला दुसरा कुणी नाही. थंड काच घट्ट असते, मशिनवर येणारा तिचा गोळा धड तुटत नाही, साच्यात धड पडत नाही. मशिन अडकेल, दोन-चार साचे बिघडतील, बाहेरची माणसं वैतागून परत जातील. बस. आत जाऊन संप वाचवणारा पहिला माणूस आपण, असं त्याला वाटलं, आणि बाहेर पडताना त्या पाठी बघून त्याला जवळजवळ हसू आलं. थांबा म्हणावं, कळेल एक दिवस.

घरी दाराशी एक रिकामी बाटली उभी करून ठेवलेली होती. त्यांच्याच कारखान्याची, हिरवी.

"कुणी ठेवली?" त्याने विचारलं.

"बघितलं नाही," बायको म्हणाली. "समोरचीने मला बघून दार लावून घेतलं, एवढं बघितलं."

दुसऱ्या दिवशी दोन बाटल्या होत्या, शेजारी शेजारी. तिसऱ्या दिवशी पहाटे तीन. बायकोने त्या भिंतीशी लावून ठेवल्या आणि म्हणाली, "राहू देत, रॉकेल भरायला होतील." पण कडी लावल्यावर तिने ती दोनदा ओढून बघितली. डिग्रीला सांगावंसं वाटलं, आजचा एक दिवस, मग सगळं ठीक होईल. तो सांगणार होता. मग वाटलं, बायकांच्या तोंडून बाहेर जाईल, आणि तो तसाच निघाला. तिच्याबद्दल असं वाटल्याची त्याला पुढे फार लाज वाटली.

मागच्या गेटने बंद टेम्पो आला. सात माणसं उतरली. कुठली होती कोण जाणे, पण कामाला नवखी होती हे उभं राहण्यावरून दिसत होतं. मशिनवर ज्याला उभं केलं तो चाळिशीचा होता, दाढी वाढलेली, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. कंपनीचे बूट घालताना त्याने डिग्रीला विचारलं, "काका, माझ्या चपला इथे ठेवल्या तर चालतील ना? कुणी नेणार नाही ना?"

"ठेव," डिग्री म्हणाला.

"फारच गरम आहे हो. मधे बाहेर जाऊ देतात का?"

"तासाला पाच मिनिटं."

तो माणूस "बरं" म्हणाला. पाच मिनिटं थोडी आहेत हे त्याला अजून कळलेलं नव्हतं.

इंजिनिअर आला. "काका, किती?"

डिग्रीने निळी काच डोळ्याला लावली. आतला रंग पिवळट होता. पांढरा व्हायला अजून बराच अवकाश होता. त्याने मान तिरकी केली. "चौदाशे ऐंशी," तो म्हणाला. आवाज जराही हलला नाही. खरा आकडा चौदाशे वीस होता.

मशिन सुरू झालं. पहिला गोळा जेमतेम तुटला. दुसरा लोंबकळत राहिला आणि साच्याच्या कडेवरच चिकटला. तिसरा त्याच्यावर येऊन बसला. अगदी हवं तसं होत होतं. मशिनवरच्या माणसाने वळून डिग्रीकडे बघितलं. "काका, हे असंच होतं का नेहमी?"

त्याच क्षणी म्हणायला हवं होतं, थांबव, बाजूला हो. तो शब्द डिग्रीच्या तोंडात तयार होता. पण अजून एक-दोन गोळे अडकू दे, चांगलं घट्ट जाम होऊ दे, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने तोंड मिटलं. मागून इंजिनिअर ओरडला, "बघतोस काय, मोकळं कर ते!" जुन्या माणसाने लोखंडी आकडीने ओढलं असतं. त्या माणसाला आकडी कुठे असते हेच कुणी सांगितलं नव्हतं. त्याने हात घातला आणि साचा मिटला.

तो पहिल्यांदा ओरडलाच नाही. आपला हात कुठे आहे ते शोधल्यासारखा बघत राहिला. मग ओरडला, आणि तो आवाज पुढच्या गेटापर्यंत गेला असणार, कारण बाहेरच्या घोषणा एकदम थांबल्या.

त्याला टेम्पोतच घालून नेलं. बाकीचे सहाजण त्याच्याबरोबर निघून गेले. मशिन बंद, साचे फुटलेले. भिंतीपाशी चपला तशाच राहिल्या. डिग्रीने त्या उचलल्या आणि कुणाला द्यायच्या ते न कळून पुन्हा ठेवल्या. मग तो बर्नरपाशी गेला आणि भट्टी हळूहळू चौदाशेवर आणली, कारण तेवढं एकच काम त्याला आता जमत होतं.

पुढे सगळं भराभर झालं. पोलीस आले, चौकशी आली, मालाची वाट बघणारी गिऱ्हाइकं दुसरीकडे जायला लागली. मालकाला चांगलाच घाम फुटला. पाचव्या दिवशी बोलणी झाली आणि सहाव्या दिवशी दहा मिनिटं परत मिळाली. भट्टी गरम होती म्हणून त्याच आठवड्यात काम सुरू होणार होतं, आणि ती गरम का होती हे कुणीही मोठ्याने म्हटलं नाही. सगळ्यांना कामावर घ्यायचं ठरलं, फक्त संपफोड्यांची एक यादी युनियनने दिली होती. त्या यादीत एकच नाव होतं.

काम सुरू व्हायच्या आदल्या दुपारी धाकटा घरी आला. बायकोने त्याला चहा दिला आणि ती आत गेली. 

"दादा, इंजिनिअरने चौकशीत लिहून दिलंय," धाकटा म्हणाला. "तू चौदाशे ऐंशी सांगितलंस. मशिन मी स्वतः उघडून बघितलं. साच्याला चिकटलेल्या गोळ्यांवरून सांगतो, काच साठ डिग्री तरी कमी होती."

डिग्री भिंतीशी लावलेल्या बाटल्यांकडे बघत होता.

"तुझा अंदाज साठ डिग्रीने चुकतो? तुझा? हे तू मला सांगतोस?" धाकटा पुढे सरकला. त्याचे डोळे भरून आले होते. "तू मुद्दाम केलंस. आत राहून तू संप वाचवलास, आणि आम्ही गाढवासारखे तुला पाठ दाखवत बसलो. दादा, उद्या गेटवर मी सगळ्यांसमोर सांगतो. ज्यांनी पाठ केली तेच तुला खांद्यावर बसवून आत नेतील. यादीतलं नाव मी आत्ता खोडतो. तू नुसतं हो म्हण."

डिग्रीला ते हवं होतं.  ती मावशी, ते सदरे, धाकट्याने हात धरून म्हटलेलं "दादा", भोकातून दिसणारा तो रंग, सगळं एका शब्दाच्या पलीकडे होतं. त्याने तोंड उघडलं, पण बाहेर आलं ते वेगळंच.

"त्याचा हात वाचला का रे?"

"कुणाचा?"

"मशिनवर होता त्याचा."

"हां, तो." धाकट्याने चहाचा घोट घेतला. "मनगटापासून काढला म्हणतात. जाऊ दे, बाहेरचा होता तो. नशीब म्हणायचं, आपल्यातला कुणी नव्हता."

डिग्री भावाच्या तोंडाकडे बघत राहिला. हा वाईट माणूस नव्हता. याला त्यानेच वाढवलं होतं. आणि उद्या गेटवर दोनशे माणसं याच शब्दांना टाळ्या वाजवणार होती, त्याला खांद्यावर घेऊन.

"मग? हो ना दादा?"

"कशाला हो म्हणू?" डिग्री म्हणाला. "मुद्दाम कोण करेल असलं? वय झालं, डोळे गेले. अंदाज चुकला माझा. लोकांना हेच सांग."

"अरे, मग यादीतून तुझं नाव कसं काढू? डोळे गेलेल्या माणसाला भट्टीवर घ्या, असं कोणत्या तोंडाने सांगू मी?"

"नको सांगूस."

 धाकट्याने अर्धा चहा तसाच ठेवला, वहिनीला हाक न मारता उठला आणि दार ओढून घेऊन निघून गेला.